तीन वर्षांच्या मुलासमोर बातम्या लावू नका

लहान मुलांनी टीव्हीवर मारामारी पाहावी की नाही, हा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला आरोपी ठरतं ते कार्टून. छोटा भीम लाडू खाऊन ठोसे मारतो. टॉम आणि जेरी तर जन्मभर एकमेकांच्या डोक्यात काही ना काही घालतच असतात. मग ‘कार्टून बंद करा’ असा ठराव होतो, दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी जेवण भरवताना पुन्हा मोबाईल हातात येतो.

माझं म्हणणं असं की कार्टून हा या प्रकरणातला सगळ्यात लहान गुन्हेगार आहे. आपल्या घरातलं दोन-तीन वर्षांचं मूल सर्वात जास्त हिंसा पाहतं ती त्याच्यासाठी लावलेल्या कार्यक्रमात नाही, आपल्यासाठी लावलेल्या कार्यक्रमात. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गारगोटीतल्या कुठल्याही गल्लीतून चालत जा. बहुतेक उघड्या दारांतून टीव्हीचा आवाज येतो. एका घरात सासू सुनेला जिन्यावरून ढकलते आहे, दुसऱ्यात हिंदीत डब केलेल्या दाक्षिणात्य सिनेमाचा नायक वीस माणसं हवेत उडवतो आहे, तिसऱ्यात चर्चेच्या नावाखाली सहा चौकोनांतून सहा माणसं ओरडत आहेत. आणि टीव्हीच्या समोरच, फरशीवर, एक मूल गाडी फिरवत बसलं आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘तो कुठे बघतोय, तो खेळतोय.’

तो बघतोय. मुलं कशी बघतात याचा एक फार जुना प्रयोग आहे. 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत अल्बर्ट बांडुरा यांनी 36 मुलगे आणि 36 मुली घेतल्या, सरासरी वय चार-साडेचार. त्यातल्या काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं, हातोड्याने मारलं, तोंडाने शब्दही काढले. नंतर मुलांना त्या बाहुल्यासोबत सोडलं, तर अनेकांनी तसंच मारलं, तेच शब्द वापरून. दोन वर्षांनी त्यांनी हेच दृश्य फिल्मवर आणि कार्टूनसारख्या रूपात दाखवलं. तिथेही नक्कल झालीच. या प्रयोगावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. तो बाहुला मार खाण्यासाठीच बनवलेला होता. बाहुल्याला मारणारं मूल माणसालाही मारेल, असं यातून सिद्ध होत नाही. पण मोठी माणसं काय करतात ते मूल टिपून घेतं, एवढं नक्की दिसतं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच विद्यापीठातल्या जॉन फ्लॅवेल यांचा 1990 चा साधा प्रश्न. टीव्हीवर पॉपकॉर्नने भरलेलं वाडगं दाखवून त्यांनी मुलांना विचारलं, हा टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडतील का? चार वर्षांची मुलं ‘नाही’ म्हणत होती. तीन वर्षांची बरीच मुलं ‘हो’ म्हणाली. वाचताना हसू येतं. पण आता पॉपकॉर्नच्या जागी पेटलेली गाडी ठेवून बघा.

कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या लिंडा पगानी यांनी 2022 मध्ये सुमारे दोन हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेतीन-साडेचार वर्षांची असताना ज्यांनी हिंसक कार्यक्रम पाहिल्याचं पालकांनी सांगितलं होतं, ती मुलं बारा वर्षांची झाल्यावर अभ्यासात रस कमी, वर्गात लक्ष कमी आणि मनाने जास्त अस्वस्थ आढळली. असे अभ्यास वाचताना मी इंजिनिअरच्या सवयीने लगेच शंका काढतो: दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ज्या घरात दिवसभर मारधाडीचे सिनेमे चालतात, तिथे इतरही ताण असू शकतात. संशोधकांनी घरच्या परिस्थितीचा हिशेब धरला होता, तरी शंभर टक्के खात्री असा अभ्यास देऊ शकत नाही. पण निर्णय घ्यायला शंभर टक्के खात्री लागतेच कुठे? मुलाला गरम चहाच्या कपापासून लांब ठेवताना आपण आकडेवारी मागत नाही.

‘आम्ही पण पाहिलं, आम्हाला काय झालं?’ हा माझ्या वयाच्या लोकांचा आवडता युक्तिवाद. आम्ही ‘शक्तिमान’ पाहत मोठे झालो. 1997 ला ती मालिका सुरू झाली तेव्हा शाळेत जात होतो. त्या काळात शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी जिवाशी खेळ केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यातल्या किती खऱ्या यावर वाद झाला, पण खुद्द मुकेश खन्ना पडद्यावरून मुलांना समजावत असत. दूरदर्शनचा एक भाग संपला की पुढच्या भागासाठी थांबावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात आपण ते विसरून विटी-दांडू खेळायचो. आज थांबणं नावाचा प्रकारच नाही. एक व्हिडिओ संपण्याआधी दुसरा रांगेत उभा असतो. ती रांग कशी लावली जाते हे माझ्या क्षेत्रातल्या लोकांना नीट माहीत आहे. माणूस पडद्यासमोर किती वेळ थांबला हेच तिथे मोजलं जातं, त्याचं वय दोन आहे की बासष्ट हे नंतर.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या घरांत, म्हणजे मुसलमान घरांत, बातम्या जरा जास्तच चालतात. 7 जून 2023 ला कोल्हापुरात एका व्हॉट्सअॅप स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेट बंद होतं, त्यामुळे सगळं घर टीव्हीसमोर. पुढच्या वर्षी 14 जुलैला विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात जमावाने मुस्लिमवाडीत घरं फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीत घुसून नासधूस केली. तेव्हाही तेच. शाहूवाडी तालुका आमच्या भुदरगडपासून लांब आहे, पण टीव्ही तर हॉलमध्येच आहे.

त्या आठवड्यात माझी बहीण माहेरी आली होती. भाचा तीन वर्षांचा. अब्बा, म्हणजे त्याचे नाना, बातम्या पाहत होते. वाहिनीवर तीच पंधरा-वीस सेकंदांची दृश्यं पुन्हा पुन्हा फिरत होती. दर वेळी ती आली की भाचा खेळणं सोडून विचारायचा, ‘फिर आए?’ आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळी बहिणीला कळलं की याच्या हिशेबाने ते लोक दर वेळी नव्याने येत आहेत. सकाळपासून पाच वेळा येऊन गेले आहेत आणि अजून थांबलेले नाहीत.

त्यात नवल काही नाही. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत मुलांसोबत काम करणाऱ्यांनी हेच नोंदवलं होतं: विमान इमारतीवर आदळण्याचं दृश्य पुन्हा दाखवलं की लहान मुलांना वाटायचं, आणखी एक इमारत पडली. कोपऱ्यातली तारीख, ‘फाइल फुटेज’ ही बारीक पाटी, हे सगळं वाचता येणाऱ्यांसाठी असतं. तीन वर्षांच्या मुलाला घटना आणि तिचं पुनःप्रक्षेपण यातला फरक सांगणारा टाइमस्टॅम्प कुठेच दिसत नाही.

आणि त्याला निवेदकाचे शब्द कळत नसले तरी नानांचा चेहरा कळतो. मालिकेतल्या मारामारीत मोठी माणसं चहा पीत बसलेली असतात, म्हणजे काळजीचं काही नाही, असं मूल समजून घेतं. बातम्या पाहताना त्याच माणसांच्या कपाळावर आठ्या असतात, आवाज दबलेला असतो, कुणीतरी उठून दाराची कडी बघून येतं. म्हणून मला वाटतं की लहान मुलासाठी बातम्या सिनेमापेक्षा जड आहेत. सिनेमातली हिंसा पडद्यापुरती असते. बातम्यांतली हिंसा घरात उतरते.

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, ‘मुलांना कळायलाच हवं. आपल्या मुलांना तर लवकर कळायला हवं. जग कसं आहे ते लपवून काय मिळणार?’ हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. शाळेत कुणीतरी काहीतरी बोलणारच आहे, तेव्हा मुलाला ते पहिल्यांदा परक्याकडून कळू नये, हे मलाही पटतं. पण कळणं आणि दिसणं एक नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला जवळ बसवून अम्मीने सांगितलं की काही लोकांनी चुकीचं केलं, आता तिथे पोलीस आहेत, त्या घरांतली माणसं कुठे आहेत आणि त्यांना कोण मदत करतंय, तर तिला कळलं. तीन वर्षांच्या मुलाने मशिदीची फुटलेली काच वीस वेळा पाहिली, तर त्याला काही कळलं नाही, फक्त भीती वाटली. जिला नाव देता येत नाही अशी भीती जागरूकता नसते. तो रात्री दचकून उठतो, एवढंच.

सरकारचं काय? केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत लिहिलेलं आहे की ज्या वेळी मुलं जास्त प्रमाणात टीव्ही पाहतात त्या वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. जानेवारी 2023 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना रक्तबंबाळ, विचलित करणारी दृश्यं दाखवण्याविरुद्ध सूचना काढली, त्यात मुलांवरच्या परिणामाचाही उल्लेख होता. वाहिन्या काय दाखवतात ते आपण रोज पाहतोच. सिनेमाच्या प्रमाणपत्रात आता 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या आल्या आहेत. त्यातली सर्वात खालची पायरीही सातची आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी कुठलीच यंत्रणा वेगळा विचार करत नाही, तो घरावर सोडलेला आहे. डॉक्टरांचं म्हणणं मात्र स्पष्ट आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा नाही, दोन ते पाचमध्ये दिवसाला फार तर एक तास आणि तोही मोठ्या माणसाच्या सोबतीने.

हा एक तास सांभाळण्याची जबाबदारी सगळी आईवर टाकून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते सर्रास होतं. शिलाई मशीनवर बसलेल्या किंवा दहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने मुलाला अर्धा तास छोटा भीम लावून दिला, तर तिला बोल लावायची माझी हिंमत नाही. तेवढ्यात ती भाकरी तरी करते. पण रिमोट बहुतेक घरांत तिच्या हातात नसतोच. तो नानांच्या, दादांच्या, संध्याकाळी कामावरून आलेल्या नवऱ्याच्या हातात असतो, आणि सून ‘अब्बा, जरा बदला’ म्हणू शकत नाही. हे बोलायचं काम आपल्या वयाच्या मुलग्यांचं आहे. आपण वडिलांना नवा फोन घेऊन देतो, त्यात अॅप टाकून देतो, मग एवढंही सांगू शकतो.

आमच्या घरात ते सांगताना अब्बा आधी नाराजच झाले. ‘मग आम्हाला कळणार कसं, काय चाललंय ते?’ प्रश्न खरा होता. भीतीच्या काळात बातमी पाहत राहणं हा त्यांच्यासाठी पहाराच असतो. आवाज बंद करून चित्र चालू ठेवू, ही त्यांची तडजोड आम्ही मानली नाही, कारण अडचण चित्राचीच होती. शेवटी ठरलं की भाचा घरी असेल तेव्हा टीव्हीवर बातम्या तो झोपल्यावर, आणि सकाळी आकाशवाणीचं बातमीपत्र. शिवाय वर्तमानपत्र येतंच. अब्बा ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात आणि टीव्हीपेक्षा जास्त माहिती असल्यासारखे बोलतात. भाच्यालाही वर्तमानपत्र आवडतं. तो ते फाडतो.