वापसा आणि चाचणीची तारीख



पऱ्हाटीत डवरा घालायचा तर वापसा पाहावा लागतो. पाऊस उघडतो, जमीन ना चिकट ना कडक, असे दोन-तीन दिवस मिळतात. नेमकी त्याच दिवसांत पोराची वाहन चालवण्याची चाचणी येते. तारीख संगणकावर आधीच घेतलेली असते आणि वापसा संगणकाला विचारून येत नाही. चाचणीला वाहन आपलेच न्यावे लागते, घरचा ट्रॅक्टर तर रानात. मग पोरगा जात नाही. तारीख बुडते, आणि पुढची घ्यायची राहून जाते.

घेतलेली तारीख रद्द करता येते, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अपॉइंटमेंटचे सदर आहे. तिथे अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख द्यावी, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा, जुनी तारीख सोडावी आणि मोकळी असलेली दुसरी घ्यावी. मेख आहे ती ओटीपीत. अर्ज भरताना एजंटने स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जातो. मग तारीख तुमची, पण कासरा त्याच्या हातात. अर्जावर नंबर घरचाच हवा.

हिशेब नीट समजून घ्या. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळून तीस दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. हातात उरले पाच महिने. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर परवाना काढला, तर जुलै-ऑगस्ट निंदण-डवरणीत जातात, सप्टेंबर फवारणीत, पुढे ज्वारीची कापणी आणि कापसाची वेचणी. डिसेंबरात मुदत संपते. पुन्हा नवा शिकाऊ परवाना, पुन्हा फी, पुन्हा तीस दिवस. आमच्या गोंदियात धानाच्या रोवणीने आणि कापणीने हेच होते. म्हणून शिकाऊ परवाना उन्हाळ्याच्या तोंडाशी, वेचण्या उरकल्यावर काढावा. मार्च-एप्रिलमध्ये चाचणी द्यावी. एखादी तारीख पुढे ढकलावी लागली तरी मुदत हाताशी राहते.

परवाने-परमिटाविरुद्ध आपण उभी हयात बोललो. माल विकायला परवाना कशाला, हा प्रश्न आजही खरा. पण रस्त्यावर चालवणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, तिथे परीक्षा हवीच. आणि तो कागद नसेल तर मार शेतकऱ्यालाच बसतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना चालवण्याचा दंड पाच हजारांवर गेला. तो एक वेळ भरता येईल. पण अपघात झाला, तर विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून होत आले आहेत. मालक म्हणजे ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे तो बाप, आणि त्याचा सातबारा.

शिकाऊ परवान्यावर चालवताना शेजारी परवानाधारक शिकवणारा हवा, वाहन थांबवता येईल अशा जागी बसलेला. ट्रॅक्टरवर तो बसणार कुठे, हे नियम करणाऱ्यांनी एकदा बसून दाखवावे!

हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. ट्रॅक्टरला लागणारा कागद कापसाच्या पिकअपलाही चालतो. एका तारखेसाठी एवढा मोठा कागद घालवणे परवडणारे नाही.

सरकारकडे मागणे एवढेच. तालुक्याच्या शिबिरात चाचणीचे दिवस वाढवा, म्हणजे अर्जुनी मोरगावच्या पोराला गोंदियापर्यंत दिवस मोडावा लागणार नाही. सर्व्हर बंद पडला किंवा निरीक्षक दुसऱ्या कामावर गेले, तर तारीख कार्यालयाने बुडवलेली असते. नवी तारीख त्यांनी स्वतःहून द्यावी आणि तेवढे दिवस शिकाऊ परवान्याच्या मुदतीत धरू नयेत. चाचणीत नापास झालेल्याने सात दिवस थांबावे, असे कायद्याचे कलम ९ सांगते. पावसामुळे तारीख बदलणारा नापास झालेला नाही. त्याला ही अट कुणी सांगितली तर लेखी मागा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावातून शिकाऊ परवान्यांची यादी आणा: नाव, मुदत संपण्याची तारीख आणि अर्जावर मोबाइल नंबर कुणाचा आहे ते.