जवानाच्या पोराची फी जूनमध्ये, भत्ता पुढच्या वर्षी!



१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जवान आणि किसान एका घोषणेत आणले. तेव्हापासून दर झेंडावंदनाला ती घोषणा ऐकू येते. घोषणा देणाऱ्यांना एक गोष्ट मात्र उमगलेली नाही. खेड्यात जवान आणि किसान ही दोन घरे नसतात. थोरला तीन एकर कोरडवाहू कसतो, धाकटा भरतीच्या मैदानावर पळतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी पडले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण शेतमालाला भाव मिळाला असता तर गावोगावची किती पोरे पगारासाठी सीमेवर गेली असती, हे कोणी विचारत नाही.

आज प्रश्न जवानाच्या पोराचा आहे. बापाबरोबर गेले तर दोन-तीन वर्षांनी गाव, शाळा आणि भाषा बदलते. भाताचे रोप एकदा उपटून लावले तर फुटवे धरते. तेच पुन्हा पुन्हा उपटले तर मुळे धरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बापाची बदली सीमेवर झाली की कुटुंबाला तिथे जागा नसते. मग पोर आईबरोबर गावी. आई शेत सांभाळते, सासू-सासऱ्यांचे दुखणे काढते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, म्हणून तिला पीककर्जही मिळत नाही.

सरकार म्हणते, सैनिकांच्या मुलांसाठी आम्ही पुष्कळ केले. हिशेब मांडूच.

आर्मी पब्लिक स्कूल आहेत. कुठे? खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी. जिथे छावणी तिथे शाळा. माण-खटावात छावणी नाही, पण जवानांची घरे आहेत. साताऱ्याला १९६१ पासून सैनिक स्कूल आहे, देशातले पहिले. पण ते काढले उद्याचे अधिकारी घडवण्यासाठी. जवानांच्या मुलांना तिथे काही जागा राखीव आहेत, त्याही प्रवेश परीक्षा देऊनच. नाव सैनिक स्कूल म्हणून प्रत्येक सैनिकाच्या पोराची सोय झाली, असे समजू नका.

राहिला शिक्षण भत्ता. पहिल्या दोन मुलांसाठी, जानेवारी २०२४ पासून, दरमहा प्रत्येकी २८१२ रुपये ५० पैसे. रक्कम ठरलेली. शाळेचा दाखला जोडला की पुरे. असे असताना पैसे मिळतात वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपल्यावर! फी, वह्या, गणवेश जूनमध्ये. बियाणे आणि खतही जूनमध्ये. दोन्ही एकदम भागवायला ती माउली कोणाच्या दारी जाते, हे सावकाराला विचारा. उसाचे बिल थकले की आपण रस्त्यावर येतो. हेही थकलेले बिलच आहे.

वसतिगृहासाठी दरमहा ८४३७ रुपये ५० पैसे मिळतात, पण निवासी शाळेच्या वसतिगृहात मूल ठेवले तरच. पोराच्या शिक्षणासाठी आईने तालुक्याला खोली भाड्याने घेतली तर त्या भाड्यापोटी एक पैसा नाही. आईजवळ राहिलेल्या पोराला सरकारी कागदात किंमत नाही.

हे बदलत नाही असे कोणी सांगितले तर २०१७ आठवा. हुतात्मा आणि अपंग झालेल्या जवानांच्या मुलांची फी १९७१ च्या युद्धानंतर माफ झाली होती. २०१७ साली सरकारने तिला दरमहा १० हजारांची मर्यादा घातली. गवगवा झाला, नौदलप्रमुखांनीही पत्र लिहिले आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. ओरडल्याशिवाय सरकारला ऐकू येत नाही.

पैशाने न भागणारी गोष्टही आहे. मे २०२५ मध्ये सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली आणि रजेवरच्या अनेक जवानांना परत बोलावणे आले. ज्या पोराचा बाप फोन उचलत नाही, ते पोर वर्गात पाढे काय म्हणणार? गुरुजींना मात्र माहीतच नसते की याचा बाप फौजेत आहे.

म्हणून या बैठकीत पुढील ठराव व्हावा:

१. शिक्षण भत्त्याची निम्मी रक्कम जूनमध्ये आगाऊ मिळावी.

२. मुलाच्या शाळेसाठी आईने घेतलेल्या खोलीचे भाडे वसतिगृहाच्या अनुदानात धरावे.

३. परराज्यातून मध्येच आलेल्या मुलाला मराठीची वेगळी शिकवणी शाळेतच मिळावी.

काही गोष्टींसाठी मुंबई-दिल्लीकडे बघायची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कोणी अडवला तर पाच जणांनी मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि कायदा दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसे आहेत. जवानांच्या मुलांची यादी करून वर्गशिक्षकांच्या हाती द्यायला एक संध्याकाळ पुरते.

आम्ही दया मागत नाही. जवानाची सेवा रोजची आहे, तर त्याच्या पोराचे देणे वर्षभर का थकते? हा प्रश्न प्रत्येक गावातून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी गेला पाहिजे. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.