एकट्या मुलाचा कैवार कोणी घ्यावा?

हिंदुस्थानाने यहुद्यांचा कधी छळ केला नाही, हे वाक्य आपल्या सभासमारंभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आता कोणास वाटत नाही. ते बहुतांशी खरे आहे, हे आम्हीही मान्य करतो. अलिबागेजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी परंपरा सांगणारे बेने-इस्रायल लोक कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवून राहिले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. गावांच्या नावांवरून त्यांनी केहीमकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर अशी आडनावे घेतली, मराठी ही त्यांची घरची भाषा झाली, आणि त्यांच्या उपासनेच्या आड कोणी आल्याचे त्या मुलखाचा इतिहास सांगत नाही. या उजळ चित्रावर एक काळा डाग आहे तो पोर्तुगीज अमलातील गोव्याचा. ज्या गार्सिया द ओर्ता वैद्याने आपल्या देशातील औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला, तो धर्मांतरित यहुदी कुळातला होता. त्याच्या मरणानंतर त्याच्या बहिणीस १५६९ साली जिवंत जाळण्यात आले, व १५८० साली खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. पण हे कृत्य परकी सत्तेचे होते, असे म्हणून आपण सुटू शकतो.

तथापि राजाने कोणास जाळले नाही आणि जमावाने कोणाची घरे लुटली नाहीत, एवढ्यावरून शाळेच्या मागच्या बाकावर काय चालते याचा निवाडा होत नाही. निसीम इझिकेल (१९२४-२००४) हे मुंबईत जन्मलेले बेने-इस्रायल कवी. बाप वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालविणारी. अशा सुशिक्षित घरातला हा मुलगा. त्यांना पुढे १९८३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक व १९८८ साली पद्मश्री मिळाली. परंतु रोमन कॅथलिक शाळेतील आपल्या दिवसांविषयी त्यांनी एका कवितेत जे सांगितले आहे ते वाचताना मान खाली जाते. येशूस मारणाऱ्यांपैकी तू एक, हा आरोप त्या अशक्त व अभ्यासू पोराच्या माथी मारला गेला. एका दांडग्या सोबत्याच्या हातचा मार त्याने खाल्ला. आणि गंमत अशी की, त्याच वर्षी धर्मशास्त्राचे बक्षीस त्यानेच पटकाविले. ही गोष्ट बर्लिन शहरची नव्हे, आमच्या मुंबईची आहे. ज्या आरोपाने त्या मुलास छळले, तो आरोप सर्व यहुद्यांवर लादता येत नाही असे रोमच्या धर्मपीठाने १९६५ साली जाहीर केले. पण तोपर्यंत तो मुलगा चाळिशीस आला होता!

आमच्या वाचकांपैकी कित्येक विचारतील की, पिंपळे सौदागरच्या रहिवाशांस या गोष्टीचे काय? पवनेच्या काठचे हे शेतकऱ्यांचे गाव एका पिढीच्या अवधीत उंच इमारतींचे नगर झाले. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत आणि चाकणच्या मोटार कारखान्यांत काम करणारी कुटुंबे देशाच्या सर्व प्रांतांतून येथे उतरली आहेत; काही तर परदेशांतून आली आहेत. त्यांच्या मुलांसाठी येथे शाळा निघाल्या. ज्या वर्गात पूर्वी सारी मुले एकाच गावची व एकाच बोलीची असत, त्या वर्गात आज दहा भाषा व पाच धर्म शेजारी बसतात. अशा वर्गात यहुद्याचे मूल असेल तर बहुधा एकटेच असेल. २०११ च्या खानेसुमारीत साऱ्या देशात या धर्माचे लोक पाच हजारही भरले नाहीत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलास गेली. पुण्याचे लाल देऊळ १८६७ पासून आणि रास्ता पेठेतील बेने-इस्रायलांचे प्रार्थनालय १९२१ पासून उभे आहे. पण त्यांच्या आधारास राहिलेली कुटुंबे अगदी थोडी आहेत. तेव्हा वर्गात या मुलास पाठ टेकावयास आपल्या जातीचा दुसरा मुलगा नसतो. आमच्या मते या प्रश्नाचे सारे गांभीर्य याच एका गोष्टीत आहे. ज्याचे चाळीस जातभाई वर्गात आहेत, त्यास कोणी टोचून बोलले तर भांडण होते. जो एकटा आहे, त्यास टोचून बोलले तर केवळ हशा होतो.

हा हशा मुलांस शिकविला कोणी? आम्हीच. कडक मास्तरांस ‘हिटलर’ म्हणणे हा आमच्याकडे विनोद समजला जातो. त्या मनुष्याचे आत्मचरित्र आमच्या शहरांच्या पदपथांवर सर्रास विकले जाते, आणि ‘शिस्तीचा माणूस होता’ असा शेरा देऊन तरुण ते विकत घेतात. २००६ साली नव्या मुंबईत खारघर येथे एका उपाहारगृहास त्याचे नाव देण्यापर्यंत मजल गेली. यहुदी समाजाने हरकत घेतल्यावर ते बदलले गेले. नाव देणाऱ्याच्या मनात द्वेष होता असे आम्ही म्हणत नाही. अज्ञान होते, आणि एकट्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंत फारसे अंतर नाही. ज्याच्या राज्यात साठ लाख यहुदी मारले गेले, त्याच्या नावाची सलामी देऊन सोबती हसू लागले म्हणजे त्या मुलास काय वाटत असेल? आणि जर्मनीतील तो अनर्थ छळछावण्यांपासून सुरू झाला नव्हता. १९३३ च्या एप्रिलातच शाळांत यहुदी मुलांची संख्या किती असावी यास कायद्याने मर्यादा घातली गेली. मग वर्गातील अपमान नित्याचे झाले. आणि १९३८ च्या नोव्हेंबरात उरलेल्या मुलांस सरकारी शाळांतून घालवून देण्यात आले.

दुसरे मूळ शायलॉकचे. शेक्सपियरचे व्हेनिसच्या व्यापाऱ्यावरील नाटक आमच्या इंग्रजी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. ते जरूर शिकवावे. परंतु शिक्षकाने विवेक राखला नाही, तर यहुदी म्हणजे लोभी व निर्दय, एवढेच सार घेऊन मुले घरी येतात. आमच्या व्यापारी वाचकांस हे समजावून सांगण्याची जरूर नाही. ‘बनिया’ किंवा ‘मारवाडी’ हे शब्द शिवीसारखे वापरून त्यांच्याही मुलांस शाळेत चिडविले गेले असेल. एका सावकाराच्या दुष्टाव्याचा हिशेब साऱ्या जातीच्या खात्यावर मांडण्याची ही रीत तीच आहे.

तिसरे मूळ ताजे आहे. १९४८ पासून, आणि विशेषतः ऑक्टोबर २०२३ नंतर, इस्रायल व गाझा यांच्या युद्धाच्या वार्ता घरोघरी पोहोचल्या. त्या युद्धाविषयी प्रौढ मनुष्याने हवे ते मत बाळगावे व उघड बोलावे; तो त्याचा हक्क आहे. पण रास्ता पेठेत जन्मलेले दहा वर्षांचे पोर हे कोणत्याही परराष्ट्राचे मंत्री नव्हे. ‘तुमच्या लोकांनी असे का केले?’ हा प्रश्न त्यास विचारणे जितके अन्यायाचे, तितकेच शेजारच्या बाकावरील मुसलमान मुलास दूरदेशीच्या कोणा अत्याचाराचा जाब विचारणे अन्यायाचे. एकास झाकून दुसऱ्यास उघडे पाडणारा न्याय आम्हांस मान्य नाही.

असे मूल घरी येऊन रडले, किंवा न रडता गप्प बसले, म्हणजे वडील माणसे बहुधा दोनपैकी एक सल्ला देतात. ‘लक्ष देऊ नको’ हा पहिला, आणि ‘तूही एक ठेवून दे’ हा दुसरा. दोन्ही सल्ल्यांत एकच दोष आहे: दोहोंनीही सारा भार त्या मुलावरच पडतो. पहिल्याने त्याने सोसावयाचे, दुसऱ्याने त्याने लढावयाचे. आणि शाळा, शिक्षक व इतर पालक मात्र मोकळे! आम्ही याच्या उलट म्हणतो. पोराने शाळेत शिकावे. त्याच्या मानाचे रक्षण करणे हे थोरांचे काम आहे.

प्रथम घरच्यांनी काय करावे? मुलाचे बोलणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, आणि ‘सांगितलेस हे चांगले केलेस’ असे त्यास स्पष्ट म्हणावे. कोणत्या दिवशी, कोण, काय बोलला व तेथे कोण होते, हे वहीत टिपून ठेवावे. मग वर्गशिक्षकास तोंडी सांगून न थांबता मुख्याध्यापकांस लेखी कळवावे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत बालकाचा मानसिक छळ निषिद्ध ठरविला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही २०१५ साली आपल्या शाळांस असा छळ रोखण्यासाठी समिती नेमण्याविषयी सूचना दिल्या. शाळेने कानावर हात ठेवले, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. तेव्हा जो पालक तक्रार करतो तो उपकार मागत नाही, हक्क मागतो.

याहून मोठे काम म्हणजे मुलास त्याच्या कुळाचा इतिहास देणे. ज्यास आपण कोण हे ठाऊक आहे, त्यास ‘तू परका’ हा शब्द खोलवर लागत नाही. त्यास सांगावे की, १८७४ साली येथून जवळच पुण्यात वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. एलिया नबीच्या नावाने घरी होणारा पोहे, खोबरे व फळांचा मलिदा हा याच मातीतला आहे. मुंबईचे पहिले यहुदी प्रार्थनालय १७९६ साली बांधणारे सामुएल दिवेकर, कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या डॉक्टर जेरुशा झिराड आणि ‘बूट पॉलिश’ चित्रपटातील डेव्हिड ही त्याचीच माणसे आहेत. हा इतिहास त्याने वर्गात उभे राहून पाठ म्हणून दाखवावा, असे मात्र नव्हे. तो त्याच्या स्वतःच्या आधारासाठी आहे.

शिक्षकांस आमचे सांगणे थोडे कडक आहे. ‘अमुक, तू उभा राहा आणि तुझ्या धर्माविषयी सांग’ असे म्हणून एकट्या मुलास सर्वांच्या डोळ्यांपुढे आणणे, हा उपाय नव्हे. ती शिक्षाच आहे. यहुद्यांचा इतिहास शिक्षकाने स्वतः वाचून स्वतः शिकवावा. थट्टा कानी पडताच, सर्वांदेखत पण न ओरडता, ‘आमच्या वर्गात हे चालणार नाही’ असे सांगावे. जो थट्टा करतो त्यास नंतर एकांतात बोलावून ती त्याने कोठून उचलली याचा शोध घ्यावा, कारण ती बहुधा घरून किंवा फिरत्या चित्रफितीतून आलेली असते. नववर्ष व प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस या सणांस दिवाळीप्रमाणे बिनबोभाट रजा द्यावी, आणि कुटुंब शब्बाथ पाळीत असेल तर शनिवारची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यावी. चिडविणारे दोघे असतात, पाहून हसणारे किंवा गप्प बसणारे तीस असतात. या तिसांपैकी एकाने ‘पुरे’ म्हटले व त्या मुलाशेजारी जाऊन डबा उघडला, तर निम्मे काम होते. तो एक मुलगा निर्माण करणे ही शिक्षकाची खरी परीक्षा आहे.

‘एवढ्या मूठभर लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप येईलच. मूठभर आहेत म्हणूनच. ज्या महाराष्ट्रात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले व शिपाई नसेल त्या दिवशी तहानेले राहावे लागले, त्या महाराष्ट्रास एकट्या पाडलेल्या मुलाचे दुःख कोणी नव्याने सांगावयास नको. आणि जी शाळा यहुद्याच्या मुलाचा मान राखावयास शिकेल, ती बिहारातून आलेल्या मजुराच्या मुलाचा, मणिपुरातून आलेल्या मुलीचा व बोलताना अडखळणाऱ्या पोराचाही मान राखील. ‘पूर्वी आम्हीही सोसले, मुले त्याने घट्ट होतात’ असे म्हणणारे दुसरे आक्षेपक आहेत. सोसून काही मुले मोठी होतात हे खरे. पण तो सोसण्याचा गुण नव्हे, त्या मुलांचा आहे. जी मोडतात त्यांच्या कविता कोणी छापीत नाही.

या बाबतीत त्या चिमुकल्या समाजानेच आम्हांस धडा घालून दिला आहे. १८७५ साली हाईम सामुएल केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांचे नाव तिला मिळाले. बेने-इस्रायल कुटुंबे देश सोडून गेली, पण शाळा बंद झाली नाही. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपले दार उघडे ठेवले, त्यांच्या मुलास आमच्या वर्गात सुखाने बसता येऊ नये काय?

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. सरकारी कागद आपले काम करील. वर्गातील काम आपले आहे. पिंपळे सौदागरच्या पालकांस व व्यापारी मंडळींस आमची विनंती एवढीच की, येत्या पालकसभेत फी व बसगाडी यांच्याबरोबर हाही एक प्रश्न विचारावा: या शाळेत एकट्या मुलास कोणी छळले, तर त्याने कोणाकडे जावे, आणि त्यानंतर किती दिवसांत काय केले जाते? उत्तर लेखी मागावे. ज्या शाळेस ते देता येत नाही, तिची इमारत कितीही भव्य असो, मुलांचा सांभाळ करण्याची तयारी तिने अजून केलेली नाही, असे समजावे.