पंप बदलण्याआधी दाब मोजा

खंबाटकीचा घाट अर्धा चढून झाला की गाडी अचानक दम सोडते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पिकअप नाही आणि मागून ट्रकचे हॉर्न सुरू. कडेला घेऊन थोडा वेळ थांबलं, की तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात उरलेला घाट चढते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीसमोर तर ती पाहुण्यांपुढच्या द्वाड पोरासारखी शहाणी होते. मग बदलाबदली सुरू होते. आधी प्लग, मग इंजेक्टर क्लीनिंग, शेवटी ‘पंपच गेलाय साहेब’. बिल वाढत जातं, दुखणं तसंच राहतं.

मधूनमधून दिसणाऱ्या दोषावर अंदाजाने पार्ट बदलणं म्हणजे ग्राहकाच्या पैशाने केलेले प्रयोग. ते टाळता येतात, कारण इंधनाचा दाब मोजता येतो.

आजच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बसवलेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. साध्या मल्टीपॉइंट इंजेक्शनच्या इंजिनाला साधारण 3 ते 4 बार दाब लागतो; नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. सपाट रस्त्यावर इंजिनाची मागणी कमी, त्यामुळे थकलेला पंप किंवा कचऱ्याने तुंबलेली जाळीही वेळ निभावून नेते. घाटात मागणी वाढते, पंपाची मोटर तापते आणि दाब कोसळतो. टाकी रिझर्व्हला आलेली असेल तर पंपाला थंडावाही कमी मिळतो.

म्हणूनच गॅरेजात उभ्या गाडीवर घेतलेलं रीडिंग पुरेसं नाही. जाणकार मिस्त्री इंधनाच्या लाइनवर टी-जोड देऊन गेज लावतो, त्याची नळी बॉनेटखालून बाहेर काढतो, डायल काचेवर बाहेरून टेपने चिकटवतो आणि गाडी चढावर नेतो. ताकद गेली त्याच क्षणी काटा खाली आला, तर दोष इंधनाच्या बाजूला. काटा जागचा हलला नाही, तर पंपाला हात न लावता इग्निशन कॉइल, क्रँक सेन्सर किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासायचा. दाब पडला तरी लगेच पंप मागवायचा नसतो. आधी पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज पुरेसं येतं का ते मीटरने पाहायचं. व्होल्टेज कमी असेल, तर गुन्हेगार रिले, अर्थिंग किंवा जळकं कनेक्टर असू शकतं. ही कामं सराईतानेच करावीत. दाबाखालचं पेट्रोल उडालं तर आग लागायला एक ठिणगी पुरते.

स्कॅनर लावला की निदान झालं, हा समजही सोडायला हवा. ‘पी0171’ हा कोड फक्त एवढंच सांगतो, की हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. पंप अशक्त असला तरी तो येतो आणि इनटेकच्या फुटक्या पाइपातून जादा हवा शिरत असली तरीही येतो.

हल्ली सगळं खापर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडलं जातं. इथेनॉल पाणी शोषतं, हे खरं. पण टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवलं, तर वेगळं झालेलं पाणी तळाशी दिसतं. तेवढी तपासणी न करता इंधनाला दोष देणं हाही अंदाजच.

कधीकधी दोष कारखान्यातूनच आलेला असतो. मारुती सुझुकीने जुलै 2020 मध्ये वॅगनआर आणि बलेनोच्या 1,34,885 गाड्या फ्युएल पंपाच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. होंडाने एप्रिल 2021 मध्ये 77,954 गाड्यांसाठी असंच जाहीर केलं. पंपातला इम्पेलर सदोष असू शकतो आणि त्यामुळे इंजिन बंद पडू शकतं, असं कारण कंपनीने दिलं होतं. दोन्ही वेळा सदोष पंप मोफत बदलून मिळणार होता. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा.

गाडीमालकांनीही थोडी शिस्त पाळावी. ताकद गेली तेव्हा टाकीत पेट्रोल किती होतं, चढ होता का, एसी चालू होता का, हे लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवावं. आणि पंप बदलायचाच असेल, तर बदलण्याआधीचा आणि नंतरचा दाब बिलावर लिहून मागा. काढलेला जुना पंपही ताब्यात घ्या.