तक्रारीची मराठी

लिब्रेऑफिस किंवा विकिपीडिया मराठीत उघडला की आमचे मराठीचे व्यवसायबंधू प्रथम नाक मुरडतात. 'ही कसली मराठी?' हा त्यांचा प्रश्न रास्तच. काही प्रतिशब्द कानाला बोचतात खरे. पण तो विचारतात कोणाला? स्टाफरूममधल्या चहाला!

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या मुक्त प्रणालीतील मराठी शब्द ट्रान्सलेटविकीवर स्वयंसेवक बिनपगारी घडवतात. तेथे बदल सुचवायला संगणकशास्त्र लागत नाही. कोणता शब्द, कोठे खटकला, त्याऐवजी कोणता हवा, एवढे लिहिले की तक्रारच योगदान ठरते. ज्याला पर्याय सुचत नाही अशा वाचकाने नुसती कुरकुर केली तरी आमची हरकत नाही; भाषेचे वेतन घेणाऱ्यांना मात्र ती सवलत आम्ही देणार नाही.

आणि हे वाशीममध्ये घडावे? राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्मात, म्हणजे याच गावी, लागतो. त्या लग्नघरची मंडळी आज पंगतीत बसून वाढप्यांना नावे ठेवीत आहेत; आणि वाढपी तर बिचारे शेजारधर्म म्हणून आलेले!