ल्युमेन नको, बीम बघा
मंडळी, मोबाइल घेताना आपण मेगापिक्सेल बघतो ना, तसे गुहेत डायव्हिंग करणारे नवखे टॉर्चचे ल्युमेन बघतात. माझं मत विचाराल तर आधी बीम बघा. फ्लोरिडाच्या झऱ्यांत काय किंवा मेक्सिकोच्या सेनोटेत काय, खाली दिवा हीच बोली. सावकाश गोल फिरवला तर 'ठीक', झपाझप आडवा हलवला तर 'संकट'. प्रकाश पसरट असेल तर हा इशारा जोडीदाराला कळणार कसा? गढूळ पाण्यात तर तो उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मग बॅटरी: ठरलेल्या डाइव्हपेक्षा बरीच जास्त चालणारी. आणि मुख्य दिवा कितीही महागडा असो, सोबत २ राखीव हवेतच. एक जरी विझला, तरी मुकाट्याने मागे फिरायचं. सर्व्हरचे बॅकअप घेणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको!