अणुक्षेपणास्त्र आहे, पण त्याचे स्पेअर पार्ट कुठे आहेत?

"या मॉडेलचा पार्ट आता येत नाही." मोबाइल रिपेअरच्या दुकानात हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मग आपण नवा फोन घेतो. पण वस्तू फोन नसून अणुक्षेपणास्त्र असेल तर? अमेरिका सध्या याच प्रश्नात अडकली आहे.

जमिनीवरून डागायची अमेरिकेची सगळी अणुक्षेपणास्त्रं एकाच मॉडेलची आहेत: मिनिटमन-३. मोंटाना, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंगमधल्या तीन हवाई तळांकडे अशी सुमारे ४०० क्षेपणास्त्रं आहेत. ती सायलोमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या खोल काँक्रीटच्या विहिरीत उभी असतात. हे मॉडेल १९७० मध्ये सेवेत आलं, तेव्हा त्याचं आयुष्य धरलं होतं फक्त १० वर्षं! नंतर रॉकेट मोटर आणि दिशा ठरवणारी यंत्रणा बदलून ते वाढवत नेलं.

एक पाना, तीन तळ

२०१४ मध्ये एक गंमतशीर, पण काळजीची गोष्ट बाहेर आली. क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र बसवताना लागणारा खास पान्यांचा संच तिन्ही तळांत मिळून एकच होता. कर्मचारी तो कुरिअरने एकमेकांकडे पाठवायचे. तेव्हाचे संरक्षणमंत्री चक हेगल यांनी स्वतःच ही गोष्ट सांगितली.

त्याआधी २००६ मध्ये उलटाच घोळ झाला होता. तैवानला हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या पाठवायच्या होत्या, गेले मिनिटमनच्या टोकाकडचे चार भाग. त्यात अण्वस्त्र नव्हतं, पण चूक कळायला २००८ उजाडलं.

पार्ट मिळत का नाहीत?

कारण साधं आहे. चिप किंवा कपॅसिटर बनवणारी कंपनी लाखोंच्या ऑर्डरवर चालते. ४०० क्षेपणास्त्रांसाठी पन्नास वर्षं जुनी लाइन कोण चालू ठेवणार? शिवाय "नवा पार्ट लावा ना" इतकं ते सोपं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक जुनी लायब्ररी बदलली तरी सगळं पुन्हा टेस्ट करावं लागतं. इथे तर चुकीला जागाच नाही. म्हणूनच अण्वस्त्र दलांना आदेश पोहोचवणारी एक यंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती.

आता घाई का?

मिनिटमनच्या जागी 'सेंटिनेल' येणार आहे. पण २०२४ मध्ये त्याचा अंदाजे खर्च ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४,१०० कोटी डॉलरवर गेला आणि वेळापत्रक काही वर्षं पुढे ढकललं गेलं. त्यामुळे मिनिटमन २०५० पर्यंत चालवावं लागू शकतं, असं अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२५ मध्ये म्हटलं.

यात एक पेच आहे. क्षेपणास्त्र नीट चालतं का, हे पाहायला दरवर्षी काही क्षेपणास्त्रं सायलोतून काढून, अण्वस्त्र न लावता कॅलिफोर्नियातून डागली जातात. प्रत्येक चाचणीत एक क्षेपणास्त्र संपतं, आणि नवीन मिनिटमन बनणं कधीच बंद झालंय. चाचण्या कमी केल्या तर पार्ट वाचतात, पण खात्री कमी होते.

मला वाटतं, खरा धोका इथेच आहे. "क्षेपणास्त्र नक्की उडेल" आणि "चुकून काही होणार नाही" हे दोन्ही विश्वास शेवटी पाने, वायरी आणि गोदामातल्या नोंदींवर टिकून असतात. म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही देशाच्या नव्या क्षेपणास्त्राची बातमी वाचाल, तेव्हा पल्ला किती किलोमीटर एवढंच बघू नका. तीस वर्षांनी याचे पार्ट कोण बनवणार, हेही विचारा.